तुम्हाला कसलं डिप्रेशन

डब्याच्या पिशवीतून गोळ्यांची स्ट्रिप निसटली आणि थेट हेड मॅडमच्या चपलेपाशी जाऊन पडली. मॅडमनी वाकून उचलली. कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाव वाचलं. चितेगावच्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये आम्ही कामाला. दिवसभर गोळ्याच तपासायच्या. कुठली गोळी कशाची, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"अगं, ही तर डिप्रेशनची," त्या म्हणाल्या. जेवणाची सुट्टी होती, टेबलावर आम्ही सगळ्या होतो. "तुम्हा लोकांना कसलं गं डिप्रेशन? शाळेपासून नोकरीपर्यंत सगळं ताटात वाढून मिळतं. डिप्रेशन तर आमच्या पोरांना यायला पाहिजे."

कुणीतरी फिसकन हसलं. बाकीच्यांनी माना खाली घालून पुढचा घास घेतला. माझ्या शेजारी सुवर्णा होती. मुकुंदवाडीहून आम्ही एकाच बसनं यायचो. त्या टेबलावर माझी म्हणावी अशी ती एकटीच. ती डब्यातली उसळ चमच्यानं इकडून तिकडं करत राहिली.

मी हात पुढं केला. मॅडमनी स्ट्रिप माझ्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली आणि बोटानं माझ्याकडं सरकवली.

कंपनी खासगी. इथं आरक्षण नाही. मी केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं, लेखी परीक्षा दिली, मुलाखत दिली आणि आत आले. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी स्ट्रिप मुठीत लपवली. डबा झाकला आणि उठले. दुसऱ्या दिवसापासून सायकल स्टँडमागच्या कडुनिंबाखाली एकटी जेवायला लागले. बोलवायला कुणी आलं नाही.

गोळ्या सुरू होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्याआधी कित्येक महिने माझं काहीतरी बिनसलं होतं. सकाळी उठून दात घासायचे, एवढ्याचाही डोंगर वाटायचा. आंघोळीचं पाणी निवून जायचं आणि मी बादलीसमोर बसलेली. भूक मेली होती. रडूसुद्धा येत नव्हतं. एकदा पैठण रोड ओलांडताना समोरून ट्रक आला आणि मला बाजूला व्हावंसंच वाटेना. कुणीतरी दंडाला धरून ओढलं, शिवी दिली. त्या दिवशी मी माझीच मला घाबरले आणि कुणाला न सांगता सरकारी दवाखान्यात गेले.

तिथला डॉक्टर तरुण होता, थकलेला. बाहेर ही रांग. तरी त्यानं नीट सांगितलं. "हा आजार आहे. आळस नाही, नाटक नाही. गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात. आधी मळमळेल, तोंड कोरडं पडेल. तरी सोडायची नाही. आणि नुसत्या गोळीवर राहू नका. कुणाशीतरी बोलायला जा. दोन्ही मिळून जास्त फरक पडतो."

लॅबमध्ये गोळी पाण्यात किती वेळात विरघळते, ते मी रोज बघते. माणसाच्या पोटात गेल्यावर ती माणसाला कुठून धरून उठवते, ते आमच्या मशीनवर दिसत नाही. ते मी माझ्यावरच बघितलं. महिनाभरानं एका सकाळी पाणी गरम असताना आंघोळ झाली. मला केवढं नवल वाटलं. सांगायला मात्र कुणी नव्हतं.

घरी सांगण्याची सोयच नव्हती. आम्ही बौद्ध. वडील रेल्वेत गँगमन होते, उभं आयुष्य रुळावर गेलं. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. त्याच्याकडं बघून वडील म्हणायचे, "तुला काय कमी हाय? आम्ही उन्हात रूळ वाहिले. आपण लढणारी मानसं. आपल्या मानसानं असं हातपाय गाळून बसायचं नसतं." मीही फोटोकडं बघायचे. त्या माणसानं एवढं केलं आणि माझ्याच्यानं वेणी घालवत नाही. मग आणखी लाज वाटायची. गोळ्या घरात दिसल्याच, पण विहारातल्या बायांनी विचारलं, की आई सांगायची, "पित्ताच्या गोळ्या हायत."

माझे वडील आणि हेड मॅडम, दोघांनी जन्मात एकमेकांना पाहिलेलं नाही. पण प्रश्न एकच विचारायचे. तुला काय कमी आहे? घरात आजारी पडायला बंदी आणि कंपनीत आजारी असायची लायकी नाही. त्या काळात मला लई एकटं वाटायचं. माणसांनी भरलेल्या बसमध्ये जास्तच.

दवाखान्यात समुपदेशनाचा नंबर लवकर लागेना. म्हणून उस्मानपुऱ्यातल्या एका समुपदेशक मॅडमकडं जायला लागले. मेडिकलच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर खोली, दोन खुर्च्या, मऊ आवाज. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. या आजारात मन खोटं बोलतं. त्याचं सगळं ऐकायचं नाही, पुरावा मागायचा. मी नालायक आहे. पुरावा काय? मी मेले तर कुणाचं काही अडणार नाही. पुरावा काय? असं विचारत गेलं, की ते विचार पायाखालची जमीन गेल्यासारखे गडबडायचे. गोळीनं मी उठून बसले होते, आता चालायलाही लागले.

मग एकदा मी त्यांना लॅबमधल्या टेबलाचं सांगितलं. आमच्या लॅबमध्ये सगळ्या आपापले डबे मध्ये ठेवतात आणि एकमेकींच्या डब्यातून घेतात. मी तिथं बसायचे तेव्हा त्यांच्या भाज्या माझ्या झाकणात त्या स्वतः वाढायच्या, वरून, चमचा न टेकवता. माझा चमचा त्यांच्या डब्यात जायचा नाही. आणि माझा डबा भरून आणला तसाच राहायचा. "तुझं फार तिखट असतं बाई." सुरुवातीला मी ते खरं मानलं होतं. घरी आईला मिरची कमी करायला लावली. मग आणखी कमी. आई चिडायची, "ही काय भाजी म्हनायची का? पानी हाय नुसतं." तरी टेबलावर माझी भाजी तिखटच राहिली.

समुपदेशक मॅडमनी ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या, "त्या तुम्हाला कमी लेखतात, असं तुम्ही गृहीत धरताय. दुसऱ्याच्या मनातलं आपल्याला कळतं, हाही आजाराचाच एक खेळ असतो. आपण प्रयोग करूया. मुद्दाम सगळ्यांना पुरेल असं काहीतरी करून न्या. स्वतःहून द्या. आणि बघा काय होतं."

मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटायला हवंच होतं. माझाच विचार आजारी असला, तर तो बरा होईल. त्याला गोळी आहे, मॅडम आहेत. आम्ही नवस करत नाही, नाहीतर माझा विचार खोटा निघावा म्हणून मी केला असता.

पहाटे उठून ज्वारीचे धपाटे केले. तीळ लावले, कोथिंबीर घातली, बरोबर दही. मिरची नावाला. स्ट्रिप पडल्यापासून पहिल्यांदा टेबलावर जाऊन बसले आणि डबा फिरवला. एकीचा गुरुवार निघाला. एकीला ॲसिडिटी. हेड मॅडमना डॉक्टरांनी बाहेरचं बंद केलेलं. हे सांगता सांगता त्यांनी शेजारणीच्या वांग्यात चमचा घातला. मी डबा झाकणार, तेवढ्यात सुवर्णानं तीन धपाटे उचलून कागदात गुंडाळले. "पोट भरलंय गं आता. घरी नेऊन खाते. आमच्या ह्यांना लई आवडतात."

मला एक माणूस पुरेसं होतं. एकीनं खाल्लं, म्हणजे माझा विचार चुकीचा. बसमध्ये मी तिला दह्याची चटणी कशी करायची ते सांगत होते. ती खिडकीतून बाहेर बघत हं हं करत होती.

दुसऱ्या दिवशी कमलमावशी लॅबची फरशी पुसत होत्या. त्या आमच्यातल्याच. मला बघून थांबल्या. "ताई, धपाटे तुमी केलते व्हय? लई झ्याक. सुवर्णाताईनं दिले जाताना. म्हनल्या, शिळे हायत, खायचे तर खा, नायतर टाकून द्या."

शिळे नव्हते. त्याच सकाळचे होते. मावशींच्या तोंडावर हसू होतं, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारलं, "सगळे खाल्ले ना?"

"दोन मी खाल्ले. एक नातीला नेला."

"मग बरं झालं," मी म्हणाले.

त्या दिवशी मी गोळी घेतली नाही. नंतरही नाही. म्हटलं, हे सगळं निमूट गिळता यावं म्हणून गोळी आहे का? मग नको. चार दिवसांत डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात करंट बसल्यासारखं व्हायचं. बसमध्ये कारण नसताना रडू फुटायचं आणि सुवर्णा मागच्या सीटवर जाऊन बसायची. शेवटी दवाखाना गाठला. डॉक्टर रागावला. "गोळी अशी एकदम तोडायची नसते. कमी करायची तेव्हा मी सांगेन, हळूहळू." मग का सोडली, ते विचारलं. मी धपाट्यांसकट सगळं सांगितलं. रांग वाढत होती, तरी त्यानं ऐकलं.

"तुमच्या हातचं न खाणं, हा तुमचा आजार नाही," तो म्हणाला. "त्याच्यावर माझ्याकडं गोळी नाही. पण पहाटे उठून तुम्ही धपाटे केलेत, टेबलावर गेलात. तीन महिन्यांपूर्वी जमलं असतं का?"

जमलं नसतं. घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. इतके दिवस मी सगळं एकाच गाठोड्यात बांधून फिरत होते. मी नालायक आहे, हेही त्यात. त्या माझं खात नाहीत, हेही त्यातच. पहिलं आजार बोलत होता. दुसरं मी डोळ्यांनी बघितलेलं होतं. दोन्ही एका औषधानं जाणार नव्हती.

गोळी परत सुरू केली. पुढं उस्मानपुऱ्यात गेले, तेव्हा धपाट्यांचा डबा बरोबर होता. मॅडमना झालेलं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाईट वाटलं असेल. पण एक शक्यता बघूया. तिला खरंच नको असतील. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून घेतले असतील."

मी डबा काढला, झाकण उघडलं आणि मधल्या टेबलावर ठेवला. "मॅडम, एक घ्या."

त्यांनी डब्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. "मी सेशनमध्ये कुणाकडूनच काही घेत नाही. आमचा नियम असतो तो."

असेलही. कदाचित त्यांनी खरंच कधी कुणाचं घेतलं नसेल. मला ते कळायला मार्ग नाही. पण आमचा डबा उघडला, की समोर कुठला ना कुठला नियम असतोच. कधी गुरुवार, कधी ॲसिडिटी. हे त्यांना कळायलाही मार्ग नव्हता. त्यांचा डबा कधी भरलेला परत आला नसेल.

"मॅडम," मी म्हणाले, "मी नालायक आहे, हा विचार खोटा होता. तो तुम्ही दाखवलात, मी मानलं. हा विचार खोटा नाही. प्रयोग तुम्हीच सांगितला होता. आता निकाल आलाय. आम्ही लॅबमध्ये निकाल आवडला नाही म्हणून बदलत नाही."

त्या खुर्चीत मागं टेकल्या. मग हळू म्हणाल्या, "जातीचं तुम्ही आधी कधी बोलला नाहीत."

"तुम्ही झोपेचं विचारलंत. लहानपणाचं विचारलंत. हे विचारलं नाहीत." मी डबा झाकला. "इथून पुढं माझ्या चुकीच्या विचारांत हे धरायचं नाही. धरणार असाल, तर मी दुसरीकडं जाईन. उपचार सोडणार नाही."

त्यांनी मान हलवली. त्या मानेचा अर्थ मला अजून कळलेला नाही.

घरी जावंसं वाटेना. मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर बसले आणि डबा उघडला. त्या दिवशी धपाट्यांत मिरची पुरेपूर होती, आई जशी घालायची तशी. डोळ्यांतून पाणी आलं, नाक वाहायला लागलं. समोरून गाडी धडधडत गेली. मी बाकावर मागं टेकून घास चावत होते. एकटीनं सगळे संपवले.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत टेबलावर गेले. माझ्या जुन्या खुर्चीवर बसले. डबा मध्ये ठेवला नाही, माझ्यापुढंच ठेवला. जेवले. मग स्ट्रिप काढून सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, गोळी काढली आणि पाण्याबरोबर घेतली.

"मॅडम, ही डिप्रेशनचीच आहे," मी म्हणाले. "आजार आहे, उपचार चालू आहेत. आणि या कंपनीत आरक्षण नाही. मी परीक्षा देऊन आलेय, तुमच्यासारखीच." हेड मॅडमनी चष्मा कपाळावर नेला. मी शेजारी वळले. "सुवर्णा, धपाटे कमलमावशींना आवडले. नातीलाही."

सुवर्णाचं तोंड पांढरं पडलं.

आता माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. बसमध्येही शेजारी कुणी बसत नाही. वडील अजून तब्येतीचं विचारत नाहीत, आई अजून पित्ताच्याच गोळ्या सांगते. एकटं वाटतं. खोटं कशाला बोलू? पण गोळी रोजच्या रोज घेते, आणि डॉक्टर सांगेल तेव्हाच ती कमी होईल. उस्मानपुऱ्याला माझ्या अटीवर जाते. ती अट मोडली, तर दुसरं दार शोधेन.

कडुनिंबाखाली मी परत जाणार नाही. आणि आईला सांगून टाकलंय, यापुढं माझ्या डब्यातली मिरची कुणासाठी कमी करायची नाही.