दुसऱ्या सहीची वाट

१९ ऑक्टोबर १९२३. हाल्बरश्टाटच्या विणकरांच्या अंत्यविधी मंडळात जिवंत सभासद दोनशे तेरा, मृत एक.

मृत होता म्हातारा लांपर्ट. त्याने तीस वर्षे वर्गणी भरली होती ती एवढ्यासाठीच, की नगरपालिकेच्या फुकट खोक्यातून जावे लागू नये. मंडळाची वसुली करणारी आल्विना रेबॉक पहाटेपासून दारोदार फिरली. कोणी मेले की प्रत्येकाने मृत्युवर्गणी द्यायची, ही जुनी रीत. नऊ वाजता तिच्या थैलीत पन्नास अब्ज मार्क होते आणि सुतार ब्रुगेमानने शवपेटीचा भाव अठ्ठेचाळीस सांगितला होता.

पण मंडळाचा पैसा दोन सह्यांशिवाय हलत नसे. एक सही तिची आणि दुसरी चिटणीस डोरिंगची.

"ते भिंतीवरचं घड्याळ घेऊन खेड्यात गेलेत, बटाट्यांच्या बदल्यात द्यायला," डोरिंगची बायको म्हणाली. "आता घड्याळच नाही, तर परतायची वेळ कशी कळणार त्यांना?"

आल्विना हसली नाही. पायरीवर थैली मांडीत धरून बसली. उठून सुताराला पैसे देऊन टाकावेत, असे तिला पुन्हा पुन्हा वाटे. पण तीस वर्षांत एका सहीवर तिने एक फेनिगही दिला नव्हता. रस्त्यावरून बायका धावत होत्या. हातातली नोट दुपारपर्यंत टिकणार नाही, म्हणून जो तो मिळेल ते विकत घेत होता. आणि सगळेच घेत होते, म्हणून नोट आणखीच टिकत नव्हती.

डोरिंग आला, सही झाली, तोवर दुपारचा डॉलरचा दर जाहीर झाला होता आणि सगळे भाव त्यावरच ठरत.

"पेटी आता बहात्तर," ब्रुगेमान म्हणाला.

"मिस्त्री, सकाळी अठ्ठेचाळीस होते! फळ्या त्याच ना?"

"फळ्या त्याच, रेबॉकबाई. सकाळपासून एकही वाढली नाही. वाढल्या त्या नोटा. छापखाना झोपत नाही आणि मलाही उद्या लाकूड घ्यायचंय."

"लांपर्टची बायको घरी वाट बघतेय. तिला मी शब्द दिलाय."

"शब्दावर लाकूडवाला लाकूड देत नाही हो. कोळसा आहे?"

होता. तिने स्वतःच्या घरी हिवाळ्यासाठी साठवलेली दोन पोती. संध्याकाळी थैलीतल्या पन्नास अब्जांसोबत ती हातगाडीवरून सुताराच्या अंगणात गेली आणि पेटी लांपर्टच्या घरी.

"मंडळानं दिली ना?" म्हातारीने फळीवरून हात फिरवत विचारले.

"मंडळानंच," आल्विना म्हणाली.

नोव्हेंबरात नवे चलन आले. एका नव्या मार्काला एक लाख कोटी जुने. भाव थांबले; मंडळाची तीस वर्षांची गंगाजळी एका फेनिगलाही पुरली नाही. आल्विनाची शेगडी त्या हिवाळ्यात बहुधा थंडच असे. तरी दर शुक्रवारी ती वसुलीला निघे आणि प्रत्येक दारात एकच प्रश्न येई, "आमचं काय?"

दोन पोती कोळसा तिला परत मिळालेला नाही. दोनशे तेरा शवपेट्यांचे देणे बाकी आहे.