आबांचा आवाज आणि स्वयंपाकघरातला पंखा

आमच्या स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन स्वयंपाक चालू असताना बंद करायचा नाही, हा घरचा कायदा आहे. बायकोला दमा आहे. शिरूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये ओट्यासमोर खिडकी आहे, पण ती शेजारच्या बिल्डिंगच्या भिंतीला नाक लावून उभी. फोडणीचा धूर बाहेर जायला एकच रस्ता, पंख्याचा. पंखा नसला की ती गॅस बंद करून हॉलमध्ये येऊन बसते आणि तिचे खांदे वरखाली होताना बघवत नाहीत.

आणि पंखा चालू असला की आबांचं बोलणं ऐकू येत नाही. आमच्या घरातली सगळी अडचण ती एवढीच.

आबा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म कवठे येमाईच्या शेतात गेला. आई गेल्यावरही शेत सोडून यायला तयार नव्हते. विहिरीवरून हाक मारली तर शेवटच्या बांधापर्यंत पोचायची, असा आवाज होता त्यांचा. फक्त विहिरीवरचं डिझेल इंजिन चालू असलं की त्या आवाजाचंही काही चालायचं नाही. तेव्हा खांद्यावरचा टॉवेल बोलायचा. मी इंजिनाजवळ, ते लांब दारं धरायला, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवायला. टॉवेल दोन्ही हातांनी ताणून धरला म्हणजे पाणी पोचलं. डोक्यावर गरगर फिरवला म्हणजे इंजिन बंद कर. टॉवेल खांद्यावर टाकून हात तोंडाशी नेला म्हणजे भाकरी खायला ये. हे मला शाळेच्या आधीपासून पाठ.

मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण आवाज गेला. अगदी गेला नाही, कापसातून आल्यासारखा बारीक राहिला. डॉक्टर म्हणाले, "बोलतं ठेवा त्यांना. बोलत राहिले तर आहे तेवढा टिकेल, नाहीतर हाही जाईल." मग मी काही न ऐकता त्यांना शिरूरला आणलं.

हॉलमध्ये चांगला सोफा होता, टीव्ही होता. पण आबांनी पहिल्याच दिवशी आपलं बसकर उचललं आणि स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी टाकलं. म्हणाले, "हॉल म्हंजी पावण्यारावळ्यांचा. मी का पावणा हाय?" त्यांचं बरोबरच होतं. गावाकडं ते जे काही बोलायचे ते चुलीपुढं बसून, भाकरी होईपर्यंत. बाकी दिवसभर कामापुरतं. त्यामुळं इथंही संध्याकाळी गॅस पेटला की आबा बोलायला लागायचे, आणि गॅस पेटला की पंखाही लागायचा.

मी कंपनीतून येऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचो. त्यांचे ओठ हलताना दिसायचे. बायको ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून "व्हय आबा", "मग वो?" असं म्हणायची, मधेच हसायची. मला पंख्याची घरघर सोडून काही नाही. मी आपला मान डोलवायचो. तिला ऐकू येतं आणि मला नाही, याचा मी एक खुलासाही करून ठेवला होता. ती दिवसभर त्यांच्याजवळ असते, तिला सवय झाली आहे.

एकदा जेवायला वाढताना ती म्हणाली, "आईंना पवायला येत हुतं म्हणं."

माझा घास हातातच राहिला. आई? माझी आई ओढ्यातसुद्धा गुडघ्याच्या वर उतरली नव्हती.

"लग्न झाल्यावर आबांनीच शिकवलं. हिरीत. घरात कुणाला पत्ता लागू दिला न्हाई."

"मग? पुढं काय म्हणाले?"

"पुढं लई हसत हुते. तेवढंच."

तेवढंच कसं असेल? इतका वेळ ओठ हलत होते. आबा आईबद्दल कधी बोलले नव्हते, ती होती तेव्हाही नाही आणि गेल्यावरही नाही. आता बोलत होते तर त्यांचा आवाज संपत आला होता, आणि उरलेला माझ्या डोळ्यांदेखत तो पंखा खात होता. मला त्या पंख्याचा असा राग आला की ताट तसंच ठेवून मी स्क्रू ड्रायव्हर शोधायला उठलो.

यंत्राचा आवाज मला नवा नाही. आयुष्य एमआयडीसीत प्रेस शॉपमध्ये गेलं. पत्रा दाबून त्याचे पार्ट काढणारी मोठी प्रेस, आणि मी तिच्यात डाय, म्हणजे साचे, बसवणारा सेटर. आमच्याकडं कानात घालायला रबरी बोळे मिळतात. ते सगळे जण गळ्यात अडकवतात, साहेब आला की कानात घालतात. मी तर मुद्दाम घालायचो नाही. डाय नीट बसली का वाकडी, हे मला ठोक्यावरून कळायचं. कान बंद केला तर सेटर कसला? नव्या पोरांनाही मी तेच शिकवलं. एवढ्या मोठ्या प्रेसचा दोष आवाजावरून सांगणारा मी, वीतभर पंख्याला काय ऐकतो?

पंखा खोलला. पात्यांवर तेलकट काजळीचा थर. पातं जड झालं की हलतं आणि हललं की वाजतं. गरम पाण्यात सोडा टाकून घासून काढला. बसवला, आवाज तोच. मग सायकलच्या ट्यूबचे वॉशर कापून स्क्रूखाली घातले, म्हणजे हादरा भिंतीत उतरायला नको. तोच. बुशमध्ये तेल सोडलं. रेग्युलेटर लावून पंखा हळू केला, तर धूर घरात फिरायला लागला आणि बायको खोकत हॉलमध्ये. आबांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली.

शेवटी नवा पंखा आणला. दुकानदार म्हणाला, "चालू आहे का बंद, कळणार नाही." लावून बघितला. मला कळत होतं.

बायको म्हणाली, "कमी झालाय की बराच."

"तुला सवय झालीय," मी म्हणालो. "दहा वेळा सांगितलं तरी तुला आवाजातलं कळायचं नाही."

ती कणीक मळत राहिली.

शेवटचा उपाय मेहुण्याचा. तिचं माहेर खुटबावचं, आणि भावाचं दौंडला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. त्याने घर बघितलं आणि म्हणाला, "दाजी, पंखा घरात ठिवायचाच कशाला? पत्र्याचा पाईप काढू, भिंतीच्या कडंनं वर नेऊ, पंखा टेरेसवर बसवू. बोंबलू द्या तिकडं." मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. एका रविवारी तो पिकअपमध्ये पाईप घालून आला. दिवसभर आम्ही दोघं भिंत फोडत, रिव्हेट मारत होतो. ओट्यावर पत्र्याचं धुराडं आलं. आबा बसकरावर बसून सगळं बघत होते.

संध्याकाळी बायकोने मुद्दाम तव्यावर हिरव्या मिरच्या भाजल्या. सगळा धूर सरळ धुराड्यात. कुणाला ठसकासुद्धा नाही. तिच्या तोंडावर असं हसू मी बऱ्याच दिवसांनी बघितलं. ठेचा झाला, ताटं मांडली. मी आबांच्या अगदी पुढ्यात बसलो आणि म्हणालो, "हं आबा. आता सांगा. आईला पोहायला कसं शिकवलं?"

आबा हसले. बोलायला लागले. ओठ हलले.

मला काही ऐकू आलं नाही.

"आबा, जरा मोठ्यानं," मी म्हणालो. त्यांनी जोर लावला. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसल्या. मधेच एखादा शब्द हाती लागायचा, 'हिरीत' किंवा 'दोर', आणि परत नुसते ओठ. मी वैतागून मेहुण्याला म्हणालो, "अजून आवाज खाली येतोय रे. पाईपातनं गुणगुण येतीय. ऐक की."

मेहुण्याने पाईपला हात लावला. मग बहिणीकडं बघितलं.

"पंखा कवाच बंद केलाय मी," बायको म्हणाली. "वाढायच्या आधी."

बटणाकडं बघितलं. बंद होतं.

"मग हे काय वाजतंय?"

"काय न्हाई वाजत, दाजी," मेहुणा खाली बघत म्हणाला.

ती घरघर माझ्या कानात होती. पंखा खोलला तेव्हा होती, धुतला तेव्हा होती, टेरेसवर नेला तेव्हाही माझ्याबरोबर जिना चढली असणार. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, तसं माझं झालं.

मेहुणा गेल्यावर बायको जवळ येऊन बसली. म्हणाली, "मला वाटलं, तुमाला ठावं हाय." तिला केव्हापासून माहीत होतं. ती माझ्याशी किती तरी वर्षं मोठ्यानं बोलत होती, आणि मला वाटायचं वयाबरोबर तिचा आवाज चढला. टीव्हीच्या आवाजावरून आमची भांडणं व्हायची ती याचीच. "तुमी पंख्याच्या मागं लागला, मी म्हणलं लागू द्या. कानाचं तोंडानं बोलवत नसंल तुमाला." मला तिचा राग आला, आणि राग कशाचा ते सांगता येईना.

शिरूरमधल्याच कानाच्या डॉक्टरकडं गेलो. मशीन लावून तपासलं. त्यांनी नस गेल्याचं सांगितलं, ती परत येत नाही म्हणाले, आणि प्रेस शॉप हा शब्द मी बोलायच्या आधी त्यांनीच काढला. कानातलं मशीन दिलं. ते घालून स्वयंपाकघरात बसलो, तर कुकरची शिट्टी मेंदूत शिरली, पातेल्यावर झाकण पडलं ते डोक्यात पडलं. आबांचं बोलणं मात्र वाळक्या पाल्यावरून कुणी चालावं तसं, खसखस नुसती. डॉक्टर म्हणतात सवय होईल. होईलही. पण आबांचा आवाज टिकेल का तोवर? कंपनीत मी आता पोरांना बोळे घाला म्हणून ओरडतो. ती हसतात आणि गळ्यात अडकवतात.

परवा मी परत आबांपुढं बसलो. मशीन काढून ठेवलं होतं. "आबा, विहिरीत दोर कशाला लागला? आईच्या कमरेला बांधला होता का?" आबांनी तोंड उघडलं, मिटलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोक्यावर गरगर फिरवला. इंजिन बंद कर. मी गडबडीने उठून पंख्याच्या बटणाकडं गेलो. ते बंदच होतं.

बायको हसायला लागली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "तुमाला म्हणत्यात. किती वरडताय, शेजारी ऐकत्यात."

मग आबाही हसले. टॉवेल परत खांद्यावर टाकला आणि हात तोंडाशी नेला. जेवायला बस.

आता आमचं असंच चालतं. ते टॉवेल हलवतात आणि मला सगळं कळतं. चहा आला की टॉवेल ताणून धरतात, पाणी पोचलं. तोंडाने बोलतात ते सुनेशी, आणि ती मला जेवताना दोन वाक्यांत सांगते. दोर आईच्याच कमरेला होता, एवढं तिच्याकडून कळलं.

आईला विहिरीत पोहायला कसं शिकवलं, याला टॉवेलाची खूण नाही. तशी खूण आम्हाला कधी लागलीच नव्हती. इंजिन बंद झालं की मी बांधावरून पळत त्यांच्याजवळ जायचो आणि बाकीचं ते तोंडाने सांगायचे.