झडती देऊन आत या

घड्याळांच्या कारखान्याच्या फाटकावर एकतीस वर्षं त्यांनी बाहेर पडणाऱ्यांचे खिसे तपासले. लोक त्यांना फाटकसाहेबच म्हणत. निवृत्त झाले, पण सुंभ जळला तरी पीळ जातोय कुठे? फरक एवढाच, की आता जाणाऱ्याला मोकळीक होती आणि घरात येणाऱ्याची झडती. सगळा खटाटोप बटणसाठी. बटण म्हणजे त्यांचा कुत्रा. समोर येईल ते गिळणारा.

चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, बिनसाखरेचं च्युइंगम, कुत्र्याला विष ठरणारं काहीही सापडलं की पाहुण्याची रवानगी जिन्यावर. तिथे खास स्टूल ठेवलेलं. असेल ते खाऊन संपवायचं, चूळ भरायची, मग आत. पोस्टमनच्या तोंडातही त्यांनी टॉर्च मारून पाहिला होता. बायकोने कांदा-लसूण वरच्या मजल्यावर शेजारणीकडे हलवलं होतं आणि भाजी ती तिथेच खाऊन यायची. शेजारीण हसे. हिला हसू येत नसे.

त्या दिवशी थोरली बहीण आली, पाच वर्षांनी. रक्ताचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस त्यांना उरलेलं. तिच्या हातात बेदाण्यांचा केक होता. फाटकसाहेबांनी स्टूल पुढे केलं.

"अख्खा केक इथे बसून खाऊ?"

"आम्ही मदत करतो ना, ताई."

तिघांनी जिन्यावर केक संपवला. चुळा भरून झाल्या. मग साहेबांनी टॉर्च काढला.

"आता काय राहिलं?"

"पर्स. आणि खिसे."

"अरे, मी तुला आंघोळी घातल्यात. माझी झडती घेतोस? मग ही मी चालले. पुन्हा तुझ्या दारात पाऊल टाकायची नाही."

तिने बॅग उचलली. साहेबांचा चेहरा पडला, पण ते दारातून हलले नाहीत. त्यांनी स्वतःचे हात वर केले, आणि बायकोने रोजच्या सवयीने त्यांचे खिसे उलटे करून पाहिले.

"तुझीसुद्धा?" ताईने विचारलं.

"माझी तर आधी. मागचा कुत्रा पाहुण्यांनी नाही मारला, ताई. मी मारला. रोज हाताने द्राक्षं भरवायचो. काय शेपूट हलवायचा! डॉक्टरांनी विचारलं, याला काय खायला घालता? मी अगदी अभिमानाने सांगितलं."

आतून बटण दार खरवडत होता. ताईने बॅग खाली ठेवली. कोटाच्या आतल्या खिशातून एक चॉकलेट काढून तिने स्टुलावर ठेवलं.

"त्याच्यासाठीच आणलं होतं," ती म्हणाली, "तुला चुकवून." आणि तिने दोन्ही हात वर केले.