जपान, कोरिया आणि तात्यांचा घाट

हसायचं नाही, या एका अटीवर सांगतो. चहा थंड झाला तरी चालेल, पण मध्येच फिदीफिदी करायचं नाही. कारण या प्रकरणावर पुरेसं हसून झालेलं आहे. ऑफिसनं हसून घेतलंय, नेरे गावानं हसून घेतलंय, सासुरवाडी तर अजून थांबलेली नाही.

तर मी मूळचा सांगलीकडचा. नोकरी हिंजवडीत, एका कंपनीच्या ॲडमिन खात्यात. म्हणजे कुणाची खुर्ची मोडली, कुणाच्या डोक्यावर एसी गळतोय, कुणाच्या कॅबवाल्यानं फोन बंद केलाय, हे सगळं माझ्या गळ्यात. राहतो नेऱ्यात, बबनतात्यांच्या तीन मजली इमारतीत भाड्यानं. पूर्वी तिथं तात्यांचा भात यायचा. आता आम्ही भाडेकरू येतो.

आमच्या कंपनीत जपानहून आलेल्या इंजिनिअरांची एक टोळी आहे आणि कोरियाहून आलेल्यांची एक. दोन्ही देश शेजारी. आणि शेजारी म्हटलं की काय असतं, ते तुम्हाला सोसायटीत राहून ठाऊक आहेच. बोलायला अतिशय गोड. पण जपान्यांनी कॉफीचं मशीन आणलं की पुढच्या आठवड्यात कोरियनांचं त्याहून मोठं येतं!

या दोघांत दर वर्षी धावण्याच्या मैत्रीपूर्ण स्पर्धा होतात. यंदा दोन्ही टोळ्या इथंच, म्हणून स्पर्धा पण इथंच. पुढच्या वर्षी सोलला. आणि मीटिंगमध्ये कोरियनांचे प्रमुख किमसाहेब म्हणाले, "यंदा ज्यांचा पहिला नंबर येईल त्यांना कंपनी पुढच्या वर्षी सोलला नेईल. यजमान म्हणून भारतानंही पळावं. भारतातही ज्याचा पहिला नंबर येईल तो आमच्याबरोबर येईल."

सोल! अहो, मी आजवर विमानात बसलेलो नाही. बायकोनं तर त्याच रात्री तिच्या भावाला फोन करून सांगितलं, "हे कोरियाला चाललेत." चाललेत! अजून मैदान ठरलं नव्हतं.

आयोजनाची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. मग मी थोडं डोकं चालवलं. भारताकडून कुणाला पळायचं असेल तर नाव द्या, असा मेल सगळ्यांना पाठवला. कधी? शुक्रवारी संध्याकाळी, शेवटची कॅब सुटल्यावर. नाव द्यायची मुदत? शुक्रवार संध्याकाळ!

नावं आली एक. माझं. आता सांगा, एकट्यानं पळायचं म्हटल्यावर पहिला येणार कोण? मला त्या रात्री झोपेत सोलचा बर्फ दिसला.

राहिलं मैदान. तात्या जिन्याखाली खाट टाकून बसले होते. म्हटलं, "तात्या, पळायच्या शर्यतीला जागा पाहिजे. परदेशी पाहुणे आहेत."

"आपली बैलगाड्याची जागा हाय की सायेब," तात्या म्हणाले. "कासारसाईच्या वाटंला. स्टेज हाय, स्पीकर हाय, घड्याळ हाय. माणसांस्नी बसाया जागा हाय. काय बी कमी न्हाई."

इथं माझी माती झाली. का, ते नीट ऐका. आमच्याकडं सांगली-साताऱ्याला बैलगाड्यांची शर्यत म्हणजे सपाट माळ. त्यावर शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्या, आणि पाच-सात गाड्या एका ओळीत सुटणार. जी पुढं निघाली ती पहिली. साधा सरळ मामला! म्हणजे मला काय मिळालं? आयत्या लेन! मी मनातल्या मनात तात्यांना मुजरा केला.

वर फोटोही मागवला हो! म्हणजे मी काही अगदीच गाफील नव्हतो. तात्यांनी पाठवला. लाल मातीचा सरळसोट पट्टा, कडेला बांध, सुरेख. फोटोत चढ दिसत नसतो, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं.

"अरे, मग एकदा जाऊन बघायचं नाही का?" हेच विचारणार ना तुम्ही? सगळे हेच विचारतात. बायको तर रोज विचारते. मी उलट तात्यांना सांगून आलो, "तात्या, तुमच्या पद्धतीनं होऊ द्या सगळं. एकदम झोकात!"

रविवारी सकाळी बस तिथं थांबली. आधी किमसाहेब उतरले, मग जपान्यांचे प्रमुख ओकादासान, मागोमाग दोन्ही देशांची पोरं-पोरी, पांढरे बूट, झकपक कपडे. मी शेवटी उतरलो आणि समोर बघितलं.

समोर मैदान नव्हतंच. समोर चढ होता.

लाल मातीचा तो पट्टा पायथ्यापासून जो निघाला होता तो थेट टेकाडावरच्या स्टेजपर्यंत. आणि दोन्ही बांधांवर अख्खा गाव येऊन बसलेला. मी पळत, म्हणजे धापा टाकत, वर स्टेजपाशी गेलो. तात्या पांढरी टोपी घालून तयार.

"तात्या, हे काय?"

"घाट. गाडं ह्याच्यावरच पळत्यात."

"अहो, पण चढ आहे हा!"

"मंग? दम चढावरच कळतो. सपाटीला काय, म्हस बी पळती."

"आणि लेन कुठायत? सहाजण एकदम कसे पळणार?"

"एकदम?" तात्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घाटात मोटारसायकल सोडा म्हणालो. "आपल्याकडं एका टायमाला एकच बारी सुटते. घड्याळ लावायचं, झालं. दोघं एकदम सोडली तर एकमेकाच्या अंगावर जात्यात, वाद व्हत्यात. मैत्रीची शर्यत हाय म्हणलात न्हवं तुमी?"

म्हणालो होतो.

तेवढ्यात पायथ्याशी एक पांढरी घोडी आली. वर फेटेवाला स्वार.

"ही कशाला?" माझा आवाज चिरकला.

"पुढं पळाया. म्होरं घोडी असल्याबिगर कुणाला जोर येत न्हाई."

खाली आलो तर ओकादासान हात मागं बांधून चढ बघत उभे. हा माणूस इतका सभ्य की लिफ्ट बंद पडली तरी लिफ्टची माफी मागेल. आमचं बोलणं इंग्रजीत, मी तुम्हाला मराठीत सांगतो.

"हा चढ मुद्दाम ठेवला आहे का?"

"हो. इथली परंपरा आहे."

"आणि घोडी?"

"ती पण परंपरा."

ओकादासाननी घोडीला वाकून नमस्कार केला. मला वाटलं, पृथ्वी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. पण तिलाही रविवार होता.

मग स्पीकर कडाडला. जत्रेतल्या शर्यती गाजवणारा निवेदक तात्यांनी खास बोलावला होता, आणि गाडामालकांची नावं घ्यायची त्याची सवय काही सुटेना.

"आता सुटते आहे, जपान देशाचे नामवंत गाडामालक, ओकादाशेठ यांची बारी! झाली, झाली, झाली... भिर्रर्रर्र!"

कुणीतरी भंडारा उधळला. घोडी सुटली. आणि त्या पिवळ्या ढगातून एक जपानी पोरगा असा बाहेर पडला की विचारू नका! घोडीमागं सुसाट. बांधावरची माणसं उभी राहून शिट्ट्या मारतायत, टोप्या उडवतायत. मग कोरियाची बारी, "किमशेठ, सोलकर!" पुन्हा भंडारा, पुन्हा घोडी. तासाभरात दोन्ही देश पिवळेजर्द. कोण जपानी, कोण कोरियन, कुणाला ओळखू येईना.

मी आपला हात चोळत फिरतोय. माझं रीतसर वेळापत्रक खिशात घामानं भिजलेलं. त्यात चारजणांची रिले आली. मी तात्यांना जीव तोडून समजावलं की एकजण पळतो, दुसऱ्याच्या हातात दांडी देतो, मग तो पळतो.

"असं तुकड्या-तुकड्यानं कशापायी?" तात्या म्हणाले. "चौघांचा एक गाडा! आपल्या गाड्याला बी चारच बैलं असत्यात. दोन म्होरं, दोन मागं. सोडा!"

आणि सोडले हो! चार कोरियन, दोन पुढं, दोन मागं, एकच दांडी चौघांनी धरलेली, घोडीमागं चढावर चाललेत! मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा किमसाहेब बांधावर चढून गावकऱ्यांबरोबर "भिर्रर्र" ओरडत होते. ज्या माणसानं ऑफिसात कधी जांभई दिलेली मी पाहिली नाही, तो!

मग तात्या माइकवर आले. निकाल.

"जपानच्या समद्या बाऱ्या, पहिला नंबर! कोरियाच्या समद्या बाऱ्या, पहिला नंबर!"

मी स्टेजवर धावलो. "तात्या, सगळे पहिले कसे?"

"आपल्याकडं सेकंदाचा नंबर असतो सायेब. ठरल्याल्या सेकंदाच्या आत जो आला तो पहिल्या नंबरात, मग कितीबी असूद्यात. त्याच्या मागनं आला तो दुसऱ्या नंबरात. कोण कुणाच्या म्होरं, ह्याचा संबंदच न्हाई."

मी हे कपाळाला हात लावून किमसाहेबांना आणि ओकादासानना सांगितलं. आता दोघं मला सोलला नाही, घरी पाठवणार, अशी माझी खात्री. पण दोघं एकमेकांकडं बघतच राहिले. मग किमसाहेब म्हणाले, "इतक्या वर्षांत असं पहिल्यांदा झालं. कुणीच हरलं नाही." ओकादासान वाकले. किमसाहेब त्याहून वाकले. मग पुन्हा ओकादासान. हे बराच वेळ चाललं. शेवटी किमसाहेबांनी जाहीर केलं, "पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर! सगळे सोलला येतील!"

आणि मला हायसं वाटलं. खरं सांगतो, डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, देवा, सुटलो! जिथं सगळेच पहिले, तिथं माझं काय घोडं अडणार?

"आता शेवटची बारी!" स्पीकर गरजला. "आपल्या भारत देशाची एकमेव बारी! आपल्या तात्यांचे भाडेकरू!"

टाळ्या काय, शिट्ट्या काय! मूठभर भंडारा थेट माझ्या डोळ्यात. भिर्रर्र झाली, घोडी सुटली, मी सुटलो. पहिली काही पावलं, तुम्हाला सांगतो, मी काय पळालोय! मग चढ सुरू झाला.

चढ म्हणजे काय असतो हे खुर्चीत बसून कळत नाही. पोट एकीकडं जायला लागलं, पाय दुसरीकडं. श्वास कुठं गेला ते कळेना. बांधावरून एक आजोबा ओरडले, "शेपटी पिरगाळा रं कुणीतरी त्याची!" दुसरा म्हणाला, "पाणी दावा, पाणी!" वरून माइकवर तात्या, "चल सर्जा! चल राजा!" आणि डोळे चोळून समोर बघतो तर काय? घोडी थांबलेली. थांबून, मान वळवून, माझी वाट बघत होती.

स्टेजपाशी पोचलो आणि मातीत बसलो. तात्यांनी घड्याळ बघितलं. चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग माइक हातात घेतला.

"भारत देश... दुसरा नंबर."

मी तसाच चार पायांवर तात्यांपाशी गेलो. "तात्या, पाया पडतो. एवढे सगळे पहिले केलेत, त्यात मला एक ढकला. सोलचा प्रश्न आहे हो माझा!"

"न्हाई सायेब," तात्या माझा खांदा धरून अगदी मायेनं म्हणाले. "तुमी घरचं माणूस. घरच्याला झुकतं माप दिलं तर घाटाचं नाव जाईल. उद्या जत्रंला कोण येईल आमच्याकडं?"

मी किमसाहेबांकडं वळलो. म्हटलं, "साहेब, भारतातून मी एकटाच पळालोय! एकटा माणूस दुसरा कसा येईल?" त्यांनाही वाईट वाटत होतं, दिसत होतं ते. त्यांनी ओकादासानकडं बघितलं. ओकादासान तात्यांच्या टोपीकडं आदरानं बघत म्हणाले, "पंचांच्या निर्णयापुढं आपण कोण?"

संपलं! तीसजण सोलला जाणार. हरायची सोयच नसलेल्या शर्यतीत एकटा मी हरलो. तात्यांनी समजूत घातली, "वाईट वाटून घिऊ नका. दुसऱ्या नंबरात तुमी एकटंच हाय. वाटंकरी कुणी न्हाई." आणि लोक मला उचलून मिरवायला लागले.

त्या गोंधळात फोन वाजला. बायको.

"अहो, काय झालं? जमलं का सोलचं?"

"दुसरा आलो."

"दुसरा? अगंबाई, मग वाईट काय त्यात? आपल्याकडून कितीजण होते पळायला?"

"मी."

"तुमच्याबरोबर कोण होतं, ते विचारतेय."

"...घोडी."

तिनं अगदी हळू, काळजीच्या सुरात विचारलं, "मग आता कोरियाला घोडी जाणार?"