गावात आणि गावाला

आमच्या कोथरूडमधली जुनी माणसं मंडईला किंवा लक्ष्मी रोडला निघाली की 'गावात जाऊन येतो' असं म्हणतात. म्हणजे आम्ही घरपट्टी भरतो ते पुणं नव्हेच, खरं पुणं नदीपलीकडे. मला पूर्वी या बोलण्याची गंमत वाटायची. एका शनिवारी याच शब्दानं माझ्या तोंडचं पाणी पळवलं आणि गंमत संपली.

आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. मधुमेह जुना, स्वभाव त्याहून जुना. सकाळचं इन्शुलिन मी टोचायचे, कारण तिला अलीकडे घेतलं की नाही ते आठवायचं नाही, आणि विचारलं की राग यायचा. 'मला काय वेड लागलंय का' हे वाक्य आमच्या घरात चहाइतकंच नियमित असे. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की इंजेक्शननंतर अर्ध्या तासात पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. एकदा गेलं नव्हतं. दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि आई मला 'अक्का' म्हणायला लागली. अक्का म्हणजे तिची थोरली बहीण. तेव्हा साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

त्या शनिवारी मला सुट्टी होती. आठवडाभर पावसानं झोडपलं होतं आणि खडकवासला धरणातून पाणी सोडलं होतं. मी साडेआठला इंजेक्शन दिलं, पोहे ताटलीखाली झाकून ठेवले आणि केस धुवायला गेले. न्हाणीघरात मी जरा रेंगाळले, हे कबूल करते. बाहेर आले तर आई नव्हती. ताटली उचलली, पोह्यांना कुणी बोटही लावलेलं नव्हतं. आणि फ्रिजवर दोन वापरलेल्या सुया पडल्या होत्या. एक माझी. दुसरी कुणाची ते सांगायला ज्योतिषी नको होता.

दुप्पट इन्शुलिन, रिकामं पोट, आणि बाई घराबाहेर. तिच्याकडे मोबाइल नव्हता. घेऊन दिला होता, तो तिनं 'सारखा ओरडतो' म्हणून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला होता.

ओल्या केसांनीच मी खाली धावले. आमच्या सोसायटीचा वॉचमन आठच दिवसांपूर्वी लातूरकडून आलेला, भला माणूस. तो म्हणाला, आजी गावाला गेल्या, तुम्हाला सांगा म्हणाल्या. मी विचारलं, हातात काय होतं? घडी घातलेल्या दोन कापडी पिशव्या, असं तो म्हणाला. मी पुढचं ऐकून घेतलं नाही. आमचं गाव सासवडच्या पलीकडे. तिथे अक्का अंथरुणाला खिळलेली, आणि आई आठवडाभर 'मला नेऊन सोड' म्हणून माझ्या मागे लागलेली. मी ऑफिसचं कारण सांगून टाळत होते. तेव्हा गेली असेल एकटीच रागानं, स्वारगेटवरून एसटी पकडायला, दुसरं काय!

आता इथे मी काय केलं ते नीट सांगायला हवं. स्वारगेटच्या बसचा थांबा आमच्या पुढच्या, मोठ्या रस्त्यावर. मंडईच्या बसचा थांबा सोसायटीच्या मागच्या गल्लीत, फाटकापासून शंभर पावलांवर. मी गाडी काढली आणि पुढच्या रस्त्याला लागले. तिथल्या थांब्यावर तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली एक मुलगी उभी होती. तिला विचारलं तर म्हणाली, स्वारगेटची बस आत्ताच गेली, एक आजी चढल्या वाटतं. झालं. मी त्या बसच्या मागे सुटले. आई त्या वेळी मागच्या गल्लीत बाकावर बसून मंडईच्या बसची वाट बघत होती. बस नेहमीप्रमाणे उशिरा होती, आणि ती पुढे वीस मिनिटं तिथेच बसली होती. शंभर पावलं. अजूनही त्या बाकाजवळून जाताना मला कसंतरी होतं.

कर्वे रस्त्यावर गरवारे कॉलेजच्या पुढे गेले आणि सगळं ठप्प झालं. नदीकाठचा रस्ता पाण्याखाली, खालचा पूल पाण्याखाली, त्यामुळे अख्खं कोथरूड, कर्वेनगर आणि वारजे एका लकडी पुलावर येऊन पडलं होतं. माझ्या आजूबाजूला बघितलं तर प्रत्येक गाडीत एकेक माणूस. चौघांच्या जागेत एक, आणि तोही हॉर्नवर कोपर टेकवून. मला त्या सगळ्यांची इतकी तिडीक आली की काच खाली करून एकाला सुनावणार होते. मग आरशात स्वतःचं तोंड दिसलं. माझ्या गाडीतही मीच एकटी होते.

घड्याळात नऊ दहा झाले, नऊ वीस झाले. मी मनातल्या मनात हिशेब करत होते, आता तिला घाम फुटला असेल, आता जीभ जड झाली असेल. कशीबशी पुलावर पोचले आणि पुन्हा अडकले. खाली नदी लाल, गढूळ, भरून वाहत होती. तिच्याकडे बघायचं नाही म्हणून मी डोळे मिटले, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात त्या दोन कापडी पिशव्या आल्या. रिकाम्या पिशव्या घेऊन कोण गावी जातं? आजारी बहिणीकडे जाणारी बाई लुगडं नेईल, औषधं नेईल. रिकाम्या पिशव्या मंडईत नेतात. आई 'गावाला' म्हणालीच नव्हती. ती 'गावात' म्हणाली होती, रोजच्यासारखी. त्या बिचाऱ्या लातूरच्या माणसाला काय माहीत, की पुण्यात राहून पुण्यात जायचं असतं?

मी कपाळावर हात मारला. पण लगेच वाटलं, काही बिघडलेलं नाही, मंडईची बसही याच पुलावरून जाते. ती माझ्या आधी निघाली, म्हणजे तिची बस माझ्या पुढे असणार आणि माझ्यासारखीच अडकलेली असणार. पायी गेले तर सापडेल. मी हँडब्रेक ओढला, गाडी बंद केली, कुलूप लावलं आणि पुलावर गाडी सोडून निघाले. मागून एकच कल्लोळ झाला. कुणीतरी म्हणालं, बाई, डोकं फिरलंय का? फिरलंच होतं.

पुलाच्या तोंडापासून टिळक चौकापर्यंत आणि पुढे लक्ष्मी रोडवर मी दिसेल त्या बसमध्ये चढले. मागच्या दारानं चढायचं, सगळ्या चेहऱ्यांवरून नजर फिरवायची, पुढच्या दारानं उतरायचं. एका कंडक्टरनं तिकीट मागितलं, मी त्याच्यावर ओरडले. पाच बस झाल्या. प्रत्येकीत कुठल्या तरी म्हाताऱ्या बाईचा अंबाडा दिसायचा आणि मी पुढे जाऊन तिचा चेहरा बघायचे. आई कुठेच नव्हती. मागे वळून बघावं हे मला एकदाही सुचलं नाही. ती पुढेच असणार, हे मी ठरवून टाकलं होतं.

पुढची वाहनं तोवर सुटायला लागली होती. माझ्या बाजूनं बस निघून जायला लागल्या, आणि मला रडू फुटलं. काय करावं कळेना, तेव्हा चौकातल्या ट्रॅफिक हवालदाराकडे जावं म्हणून परत फिरले. त्याच्यापुढे एक कंडक्टर तणतणत होता. कुणीतरी महाभाग पुलावर गाडीला कुलूप लावून गेलाय, स्कूटर, रिक्षा, छोट्या गाड्या कडेनं निघतायत पण आमची बस निघत नाही, आत एक आजी बेशुद्ध पडायला आल्यात, रिक्षात घालावं तर त्या उतरून भलतीकडेच निघतात, क्रेन मागवा, असं तो सांगत होता. हवालदार वायरलेसवर बोलत होता.

"लाल गाडी का?" मी विचारलं.

"तुमची आहे?" कंडक्टरनं मला वरून खाली न्याहाळलं. "वा. पुलावर सोय चांगली आहे, हवाही छान येते."

मी धावत सुटले. माझ्या गाडीला अगदी नाक लावून मंडईची बस उभी होती. मी दारातून चढले. पहिल्याच बाकावर आई होती, घामानं निथळत, मान एका बाजूला, डोळे मात्र उघडे आणि समोरच्या काचेवर खिळलेले. रविवार पेठेतले एक वयस्कर मुसलमान गृहस्थ तिच्यापुढे वाकून खजुराची बी काढत होते. त्यांच्या आईलाही हाच आजार होता, म्हणून त्यांनी बघताच ओळखलं होतं. गेली दहा मिनिटं ते तिला खजूर भरवायचा प्रयत्न करत होते. पण आई दातच उघडत नव्हती. घास जवळ आला की तोंड फिरवायची आणि उठून दाराकडे जायची. दोघीतिघींनी तिला धरून बसवलं होतं.

"सारखं एकच चाललंय," ते मला म्हणाले. "'ती माझ्या मुलीची गाडी आहे, आधी तिला बघा, ती कुठे गेली बघा.' आम्हाला वाटलं, साखर उतरलीय म्हणून बरळतायत."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिला ओळखायला वेळ लागला. मग तिनं माझ्या ओल्या केसांना हात लावला आणि जड जिभेनं म्हणाली, "गाडी होती. तू नव्हतीस. खाली नदी."

मी त्यांच्या हातातला खजूर घेतला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिनं तोंड उघडलं.