पडद्यावरची आडवी रेघ

टीव्हीकाकांनी पिक्चर ट्यूबला हात लावणं सोडलं त्याला वर्ष होऊन गेलं होतं. एका गिऱ्हाइकाचा जुना टीव्ही दुरुस्त करताना ट्यूबची मागची बारीक काचेची मान त्यांच्या हातून मोडली. ‘फुस्स’ असा आवाज झाला, आत हवा शिरली आणि ट्यूब कायमची गेली. तशी दुसरी शोधून सापडली नाही. गिऱ्हाईक एका शब्दानं बोललं नाही, तेच काकांच्या जास्त जिव्हारी लागलं. तेव्हापासून दुकानात फक्त मिक्सर, पंखे आणि इस्त्र्या.

त्यातच काकूंना अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, पण उजवा हात काही हलेना. उपचार केंद्रातल्या थेरपिस्ट बाईंनी चेंडू दिले, रबर दिलं. काकू दोन मिनिटांत कंटाळायच्या. शेवटी बाईंनी त्यांना कोपऱ्यातल्या गेमच्या मशीनसमोर उभं केलं. बंद पडलेल्या एका व्हिडिओ गेम पार्लरमधून आणलेलं माणसाएवढं उंच कपाट, त्यात काचेचा पडदा आणि वायरला बांधलेली प्लॅस्टिकची बंदूक. पडद्यावर बाटल्या उडायच्या, त्या फोडायच्या. काकूंना हरणं जन्मात सोसलं नव्हतं. ज्या हातानं चमचा उचलवत नव्हता, तो हात तिसऱ्या आठवड्यात छातीपर्यंत यायला लागला.

आणि एका मंगळवारी चालू खेळात अख्खं चित्र मिटलं. काळ्या पडद्यावर उरली एक पांढरी आडवी रेघ.

“काका, नवा सपाट पडदा बसवता येईल ना?” बाईंनी विचारलं.

“नाही हो. पडद्यावर उजेडाचा ठिपका कुठे फिरतोय ते बघून ही बंदूक नेम ओळखते. नव्या पडद्यात तसा ठिपकाच नसतो. बाकी सगळं ठीक दिसतंय, फक्त चित्र उभं ताणणारा भाग बंद पडलाय.”

“मग तुम्हीच बघा की.”

काका दोन पावलं मागे सरकले. “दुसरं कुणी असेल तर...” ते म्हणाले. दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी सतरा ठिकाणी फोन करून झाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते हत्यारांची पिशवी घेऊन काकूंबरोबर केंद्रात गेले. आधी पडद्याचा उजेड कमी केला, नाहीतर ती रेघ काचेवर कायमची भाजली गेली असती. मग प्लग काढून काकूंच्या मांडीवर ठेवला. “हा कुणाला लावू द्यायचा नाही. साक्षात नवरा आला तरी नाही.”

“नवऱ्याला तर मुळीच नाही,” काकू म्हणाल्या. त्यांची जीभ अजून जराशी जड होती, पण धार तीच होती.

मशीन बंद असलं तरी ट्यूबमध्ये वीज साठून राहते. काकांनी स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधली, तिचं दुसरं टोक लोखंडी चौकटीला अडकवलं आणि धक्का छातीतून जाऊ नये म्हणून एक हात पाठीमागे धरून ट्यूबवरच्या रबरी टोपीखाली पातं सरकवलं. टक्! निळी ठिणगी उडाली. थोडं थांबून त्यांनी पुन्हा पातं लावलं. या वेळी आवाज आला नाही.

आता मान. तिच्यावर बसवलेली छोटी पट्टी काढल्याशिवाय मोठी सर्किटची पाटी बाहेर येणार नव्हती. काकांनी पट्टी धरली, जरा ओढली. ती चिकटली होती. हात मागे घेऊन ते बाहेर गेले, पाणी प्यायले आणि परत येऊन नुसतेच उभे राहिले.

“अहो,” काकू म्हणाल्या, “मोडली तर मोडली. मला छताची जळमटं काढायला लावा. हात तसाही वर जाईल.”

“गप बस गं.”

पण त्यांना हसू आलं. त्यांनी वाळलेला गोंद पातळ पात्यानं कणाकणानं खरवडला. मग पट्टी दोन्ही बाजूंनी धरून, जराही तिरकी न होऊ देता, केसभर केसभर मागे घेतली. सुटली. मान शाबूत होती. काकांच्या शर्टाची पाठ भिजली होती.

भिंगाखाली दोष दिसला. पाटीवरच्या एका पिनेभोवतीच्या कथलाच्या डागाला गोल चीर गेली होती. त्यांनी नवा डाग दिला, सगळं जोडलं, प्लग मागून घेतला. चित्र उघडलं, दोन श्वास टिकलं आणि पुन्हा मिटलं.

काकांनी मशीन चालूच ठेवून कोरडी लाकडी काडी घेऊन पाटीवर हलकेच टकटक केलं. एका जागी टोचताच रेघ ताणली जाऊन क्षणभर चित्र दिसलं. ट्यूबकडे जाणाऱ्या तारांच्या खोबणीत दुसरी चीर होती. म्हणजे ठिणगी, पट्टी, मान, सगळं पुन्हा. दुसऱ्यांदा सोपं जाईल असं त्यांना वाटलं होतं. तसं झालं नाही. पण या वेळी ते बाहेर गेले नाहीत.

चित्र आलं आणि राहिलं. काकूंनी बंदूक घेतली. काका पडद्यावरून डोळे हलवेनात. आता जाईल, आता मिटेल, असं त्यांना दर क्षणी वाटत होतं. बाटल्या फुटत होत्या की नाही, हेही त्यांना कळलं नाही.

“काका, पडदा सोडा,” थेरपिस्ट बाई हळूच म्हणाल्या. “त्यांचा हात बघा.”

उंचावरची बाटली टिपायला काकूंचं कोपर खांद्याच्याही वर गेलं होतं. पुढच्याच क्षणी हात धपकन खाली आला आणि काकूंनी मशीनला एक शिवी हासडली.

त्यानंतर दर शनिवारी काका ती लाकडी काडी घेऊन यायचे आणि पाटी टकटकवून बघायचे. थंडी येईपर्यंत काकू भाजी चिरू लागल्या. वेणीला मात्र डाव्या हाताची मदत लागते ती लागतेच. मशीन पुढे पावणेदोन वर्षं चाललं. मग बंदुकीची वायर तुटली, ती बाईंनी स्वतःच डाग देऊन जोडली. काका शेजारी उभे होते, हात पाठीमागे बांधून.