भिंगरीताईंच्या पायातले पारदर्शक बूट

बुटांच्या दुकानात मी हमाली केली. ट्रकमधली खोकी गोदामात, गोदामातली माळ्यावर. पाठ गेली, गुडघे गेले, मग घरी बसलो. त्या दुकानात कितीतरी माणसं आली आणि गेली. लिहावंसं वाटतं ते एका बाईबद्दल, आणि तेही राग येतो म्हणून.

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. माझ्यापेक्षा लहान, तरी मी भिंगरीताईच म्हणायचो. ती विक्रीला होती. गिऱ्हाईक बसलं की खाली वाकून पाय बघायची, शिडीवर चढायची, चार खोकी छातीशी धरून उतरायची, गुडघ्यावर बसून बूट चढवायची. नाही आवडला, पुन्हा शिडी. बाकीच्या मुली काउंटरला टेकायच्या. हिला टेकलेलं मी कधी पाहिलं नाही.

तिच्या स्वतःच्या पायात मात्र कायम काळे, बंद, नाडीचे बूट आणि आत जाड मोजे. कारण मला माहीत होतं. एका सकाळी दुकानाच्या शटरची स्प्रिंग तुटली आणि शटर तिच्या उजव्या पायावर आलं. ते मीच उचललं. अंगठा चेपला तो चेपलाच, नख पुन्हा आलं नाही. शेजारचं बोट कापावं लागलं. मालक म्हणाले, "शटर दुरुस्त करून घेऊ." तोपर्यंत म्हणून मी खाली लाकडी टेकू लावला. पाय बुटात मावायला लागला तशी ती कामावर आली. दिवसभर परक्यांचे पाय हातात घेणाऱ्या बाईने स्वतःचा पाय पुन्हा कुणाला दाखवला नाही. "आमची आई मोजे घालून झोपते," असं तिची मुलगी हसत सांगायची.

पुढे मालक थकले आणि गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसला. धाकट्या मालकांनी पहिला माल आणला तो आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या बुटांचा. शोकेसला नवे दिवे लावले. गावात दोन तट पडले. कॉलेजच्या पोरी जोड उचलायला धावल्या. दुकानातच एक सासू सुनेला म्हणाली, "पैसे मोजून अनवाणी फिरायचं का?"

"आई, तुम्ही खाली बघूच नका," सून म्हणाली.

"कशी बघू नको? दवाखान्यात बाटलीत घालून ठेवतात तसा दिसतोय तुझा पाय!"

मी सासूच्या बाजूचा. त्या प्लास्टिकला वारा नाही, लवचिकपणा नाही. ज्याला गाडीतून उतरून खुर्चीपर्यंतच जायचं आहे, त्याने खुशाल घालावेत.

पण धाकट्या मालकांनी फर्मान काढलं. "उद्यापासून विक्रीच्या सगळ्यांनी हेच घालायचे. मोज्यांशिवाय. मोजे घातले तर दिसणार काय?"

"दादा, मला काळेच राहू द्या. माझा पाय बरा नाही," भिंगरीताई म्हणाली.

"काय झालंय पायाला? चांगल्या धावता की."

मी तोंड उघडलं. तिने डोळे वटारले.

"बरा नसेल तर घरी बसा," तो म्हणाला आणि फोनवर बोलायला लागला.

दुसऱ्या दिवशी तिने ते बूट घातले. उजवा पाय डाव्याच्या मागे लपवत चालत होती. घरून निघताना पिशवीतले बूट बघून पोरगी म्हणाली होती, "आई, कसले भारी आहेत गं!" ते सांगताना तिचा चेहरा मला बघवेना. पण दोन-चार वेळा शिडी चढउतार झाली आणि ती गोदामात हसत आली.

"मामा, बघा. धुकं धरलं!"

खरंच. घामाच्या वाफेने दोन्ही बूट आतून पांढरे झाले होते. बोटं दिसत नव्हती. टेकून उभ्या राहिलेल्या मुलींचे बूट मात्र लखलखीत. दुकानात काम कोण करतं ते आंधळ्यालाही कळलं असतं.

धाकट्या मालकांना कळलं नाही.

"शी! हे काय? आत पाणी सुटलंय."

"काम केलं की घाम येतो, दादा."

"यांना बरा येत नाही? बघा, कसे स्वच्छ आहेत. शिका जरा यांच्याकडून. उद्या असे बूट दिसले तर दुकानात उभं करणार नाही."

माझ्या हातात खोकं होतं. ते मी जमिनीवर ठेवलं, कारण फेकलं असतं.

पुढच्या दिवशी भिंगरीताई आली, बूट घातले आणि शोकेसच्या दिव्याखाली जाऊन उभी राहिली. ऐन गर्दीचा दिवस. ती जागची हलली नाही. बूट काचेसारखे स्वच्छ, आणि आत तो चेपलेला अंगठा, ती बोटाची रिकामी जागा. जे इतकी वर्षं लपवलं ते भर उजेडात.

"ताई, सहा नंबर दाखवा ना."

"तिकडे सांगा."

तिकडच्या मुलींना सहा नंबर कुठल्या फळीवर आहे ते सापडेना. खोकी पडली. जोड बदलले. एकाला दोन्ही डावे मिळाले. गिऱ्हाईकं ओरडायला लागली तसे धाकटे मालक धावत आले.

"अहो, पुतळ्यासारख्या उभ्या काय राहिलात? शिडीवर चढा!"

"चढले की घाम येतो."

"मग?"

"बूट स्वच्छ ठेवायला तुम्हीच सांगितलंत."

त्याने खाली पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. परवाची ती सासू सुनेचा जोड परत करायला आली होती. ती पुढे झाली. "अगं बाई! कशाने झालं हे?"

"याच दुकानाच्या शटरने," भिंगरीताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"झाका ते," धाकटे मालक दातांवर दात ठेवून पुटपुटले. "गिऱ्हाईक बघतंय."

"झाकलेलंच होतं. उघडं तुम्ही केलंत."

तो लाल झाला. "घाला तुमचे काळे बूट! घाला आणि कामाला लागा."

ती गिऱ्हाईकाच्या बाकावर बसली. "गोदामात आहेत. आणून द्या."

"हमाल, आण रे."

"मामा नाही," ती म्हणाली. "तुम्ही."

तो गेला. बूट आणून तिच्यासमोर टाकले आणि वळूनही न बघता गल्ल्यावर जाऊन बसला. तिने मोजे चढवले, नाड्या घट्ट ओढल्या आणि शिडी गाठली. "कुणाला हवे होते सहा नंबर?"

लोकांना वाटतं ती जिंकली. असेल. 'आमचं चुकलं,' असं तिला कुणी म्हटलं नाही. ते बूट वर्षभरात माळ्यावर पिवळे पडले. भिंगरीताई अजून काळ्या बुटात शिडी चढते. मी कधी त्या बाजूला गेलो की बाहेरून बघतो. शोकेसचे दिवे पुन्हा बदललेत. शटरखाली मात्र मी लावलेला लाकडी टेकू तसाच आहे, आणि रोज सकाळी ती त्याच शटरखालून वाकून आत जाते.